बेबाच्या अंगाला लावायचं तेल

पालेओखोरी, लेस्वोस
२० नोव्हेंबर

एवांथिया पोरी,

परवा फोनवर तू काय ओरडत होतीस ते मला अर्धंच कळलं, पण समोरच्या घरातल्या सुलतानाबाईला सगळं कळलं. बेबाच्या गालांवर लाल चट्टे आलेत आणि कोपरांच्या खळीत कातडी खरखरीत झालीय, हे मला तिनेच कठड्यावरून सांगितलं. तेव्हा आता फोन बंद. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. पत्र लिहीत जा, म्हणजे घरातलं घरात राहील.

चट्ट्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. कालच घाण्यावरून यंदाचं पहिलं तेल आलं. देवळामागच्या म्हाताऱ्या झाडाचं मी वेगळं गाळून घेतलंय. ते झाड माझ्या सासऱ्यांच्या आज्याने लावलेलं, त्याचं तेल मी कुणाला वास घ्यायलाही देत नाही. पाच किलोचा डबा शनिवारच्या बोटीने पाठवतेय, बंदरावर जाऊन सोडवून घे. रोज संध्याकाळी बेबाला चांगल्या कढत पाण्याने आंघोळ घाल आणि डोक्यापासून टाचेपर्यंत तेल चोळ. जिथे लाल असेल तिथे दोनदा. या बेटावरची सगळी पोरं अशीच वाढली, तुझा नवरासुद्धा.

सोबत आपला हिरवा साबण आहे आणि निळा मणी आहे. मणी झबल्याला आतून टाच. तू पोरीला बाजारात मिरवतेस, लोक बघतात, मग दृष्ट लागली की रडतेस. फ्तू फ्तू फ्तू.

इग्नाटिसचं जहाज कुठे पोचलं? बायकोला पत्रं लिहितो, आईला वर्षातून एक कार्ड. असो.

तुझी सासू,
मिरसिनी

*

थेसालोनिकी
९ डिसेंबर

प्रिय आई,

डबा मिळाला. झाकण उघडलं आणि सगळ्या घरात तुमच्या अंगणाचा वास आला. मला खरंच रडू आलं, पण हल्ली मला कशानेही रडू येतं, त्यामुळे त्यात तेलाची थोरवी किती ते सांगता येत नाही.

तुम्ही सांगितलं तसंच रोज करतेय. कढत पाणी, हिरवा साबण, मग तेल. चट्टे अजून गेलेले नाहीत. खरं सांगायचं तर थोडे पसरलेत. गुडघ्यांच्या मागेही आलेत. बेबा माझ्या खांद्यावर गाल घासत राहते, खाली ठेवली की कान ओरबाडते. सलग दोन तास झोपली तर मी उठून बघते, श्वास चाललाय ना म्हणून. इग्नाटिस सिंगापूरजवळ आहे, फेब्रुवारीपर्यंत तरी सुटका नाही.

माझंच काही चुकतंय का? चोळायला कमी पडतेय का मी?

तुमची,
एवांथिया

*

पालेओखोरी
१८ डिसेंबर

पोरी,

कमीच पडतेयस. शहरातल्या बायका बाळाला तेल लावतात की पाकिटाला तिकीट चिकटवतात तेच कळत नाही. सकाळ-संध्याकाळ चोळ. अंग चमकलं पाहिजे. पाण्यात बाबुनाची फुलं उकळून घाल, पिशवी पाठवलीय. आणि हे बनियन. आपल्याच मेंढ्यांची लोकर, दोन रात्री जागून विणलंय. उघड्या अंगावर घाल, म्हणजे ऊब आतपर्यंत जाते.

ईस्टरनंतरच्या रविवारी बारशाचं मी देवळातल्या पाद्र्याशी, पापा-लेफ्टेरिसशी, बोलून ठेवलंय. तोपर्यंत इग्नाटिस येईल. बारशाआधी नाव ठेवत नाहीत, तोवर पोरगी बेबाच. तू दुसरं नाव ठेवायचं मनात आणू नकोस. मोठी मुलगी आजीच्या नावाची असते, आणि या घरात आजी मीच आहे.

मिरसिनी

*

थेसालोनिकी
१२ जानेवारी

इग्नाटिस,

हे पत्र वाचून झालं की समुद्रात टाक. आईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये.

नाताळानंतर बेबाचे चट्टे फुटले. पिवळं पाणी येऊन त्यावर खपली धरायला लागली. लोकरीच्या बनियनचे धागे त्याला चिकटले होते, ते मी ओलं करून सोडवत होते आणि ती किंचाळत होती. मी तशीच तिला उचलून डॉ. सिमेलांकडे पळाले. त्यांनी बघितलं, वास घेतला आणि विचारलं, "सॅलड कुणी केलंय हे?"

मी म्हटलं, सासूबाईंचं तेल आहे, पहिल्या घाण्याचं. त्या म्हणाल्या, "जेवायला मला बोलवा. बाळाला एक थेंबही लावायचा नाही." बेबाच्या कातडीत पाणी टिकत नाही म्हणे, ती जन्माचीच तशी आहे, आणि ऑलिव्हच्या तेलाने ती आणखी उघडी पडते. कढत पाणी, साबण, फुलं, लोकर, सगळं बंद. मी जे जे प्रेमाने करत होते, ते ते बंद.

आता रोज कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, बस्. टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर आहे तोवर बिनवासाचं पांढरं घट्ट मलम भरपूर लावायचं, दिवसातून आणखी दोनदा तेच. फुटलेल्या जागी काही दिवस डॉक्टरांनी दिलेलं औषध, त्या सांगतील तेवढंच. अंगाला सुती कपडा, तोही बिनवासाच्या साबणाने धुऊन दोनदा खळबळलेला. नखं कापलेली. खोली जास्त तापवायची नाही.

आणि इग्नाटिस, काल दुपारी ती साडेतीन तास झोपली! मी शेजारी बसून नुसती बघत होते. गाल अजून गुलाबी आहेत, पण ते आता गाल आहेत, जखम नाही.

एक विचारायचंय. तुझ्या कोपरांच्या खळीत जी जाड कातडी आहे, ती इंजिनाच्या तेलाने झाली असं तू सांगतोस. खरंच का रे? डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का, आणि माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं.

आईंना मी एवढंच लिहिलं की बेबा खूप सुधारली आणि तुमचं तेल सगळं कामी आलं. आलंच की. मी रोज पालेभाजी त्याच्यातच करतेय.

एवांथिया

*

पालेओखोरी
२५ जानेवारी

माझ्या सोन्या,

तुझं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. या गुडघ्यांवर! सगळं तेल कामी आलं म्हणतेस? मला माहीतच होतं. देवळामागचं झाड खोटं बोलत नाही.

पत्र मी कॉफीहाउसात, बेकरीत आणि घाण्यावर वाचून दाखवलं. घाणेवाला म्हणाला, मिरसिनी, आता बाटलीवर बाळाचं चित्र लाव. थट्टा करतोय मेला, पण जळतोय. सुलतानाच्या सहा महिन्यांच्या नातवालाही अगदी तसंच आहे, गाल आणि कोपरं. मी तिला त्याच झाडाच्या तेलाची बाटली दिली आणि बजावलं, दोनदा चोळ, हात राखू नकोस. बाटली मी फुकट दिली म्हणून ती अजून हादरलेली आहे.

बारशाचं तेलही काढून ठेवलंय. अख्खी मोठी बाटली, पांढरी फीत बांधून. माझी भाची रिनिओ नोना होणार, तिला सांगितलंय की धर्माची आई व्हायचं तर हात सैल सोड, पोरगी केसांपासून टाचांपर्यंत न्हाऊन निघाली पाहिजे. मग रीतीप्रमाणे तीन दिवस आंघोळ नाही, तेल मुरू दे. ते बरं करणारं तेल आणि वर देवाचं पाणी! पोरीला जन्मात काही होणार नाही.

मिरसिनी

*

थेसालोनिकी
३ फेब्रुवारी

आई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. इग्नाटिसला म्हटलं तू सांग, तर त्याचं उत्तर आलं, "तूच लिही, इथे वादळ आहे पण मी इथेच बरा."

मी तुमच्याशी खोटं बोलले. बेबा तुमच्या तेलाने बरी झालेली नाही. तेलाने तिचे चट्टे वाढत गेले. नाताळानंतर तिची कातडी फुटली, तेव्हापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तेल, हिरवा साबण, बाबुना, बनियन सगळं थांबवलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गोड लिहिलं. झाकली मूठ झाकलीच राहील असं वाटलं होतं.

तुम्ही माझ्यावर रागवा, हवं तर बोलू नका. पण सुलतानाबाईंच्या नातवाचं तेल आजच्या आज थांबवा. त्याची काहीच चूक नाही, माझ्या खोटेपणाने त्याला ती बाटली मिळाली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय, मोठ्या अक्षरांत. पाणी येत असेल किंवा ताप असेल तर घरी काही न करता त्याला मितिलिनी शहरात डॉक्टरकडे न्या.

आणि बारशाला तिच्या सगळ्या अंगाला तेल चोळून तीन दिवस तसंच ठेवलं, तर आम्ही पुन्हा डिसेंबरात जाऊ. मला ते दिवस पुन्हा बघायचे नाहीत. म्हणून हे लिहिण्याचं धाडस करतेय.

तुमचं तेल वाईट नाही, आई. पण तिच्या अंगाला ते चालत नाही.

एवांथिया

*

थेसालोनिकी
१ मार्च

आई,

महिना झाला, तुमचं काहीच नाही. माझं पत्र मिळालं ना? बोटी बंद होत्या का? बेबाला पहिला दात आलाय. बाकी काही लिहू नका, पण तो सुलतानाबाईंचा नातू कसा आहे एवढं तरी कळवा.

एवांथिया

*

पालेओखोरी
१० मार्च

एवांथिया,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं आणि रागाने मरियेच्या तसबिरीमागे खुपसलं, म्हटलं, घे, तूच वाच. तीन दिवस तुला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की चौथ्या दिवशी पापा-लेफ्टेरिसकडे जाऊन पापाची कबुली द्यावी लागली. या गावात माझ्याकडे दुसरं काय आहे? नवरा गेला, पोरगा पाण्यावर, कान गेले. राहिलं ते तेल. त्याच्यावर मी मान ताठ ठेवून चालत होते, आणि तू मला गावासमोर खोटं पाडलंस.

त्याच संध्याकाळी सुलतानाचा नातू रडत होता. मला घंटा ऐकू येत नाही, पण तो मला ऐकू आला. मी उठून गेले. सदरा वर केला. पोरी, ते मी आधी पाहिलेलं होतं.

तिच्या हातातून बाटली काढून घेतली आणि म्हटलं, "सुलताना, माझं तेल तोंडात घाल, पोराला लावू नकोस. मी चुकीचं सांगितलं." ती म्हणाली, "आता महाग झालं वाटतं?" म्हटलं, "म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण उद्या पोराला मितिलिनीला घेऊन चल." मी स्वतः सोबत गेले. तिथल्या डॉक्टरने तुझ्या कागदावर लिहिलंय तेच सांगितलं, फक्त जास्त तोऱ्यात. आता पोरगं बरं आहे. हसतं. सुलताना सगळ्यांना सांगते की तिनेच वेळेवर ओळखलं. सांगू दे.

हे सगळं झालं फेब्रुवारीतच. मग मी महिनाभर गप्प का, ते सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, इग्नाटिसच्या बापालाही नाही.

इग्नाटिसला अगदी हेच होतं. तीन वर्षांचा होईपर्यंत. हातांना मोजे बांधून झोपवायचे मी त्याला. माझी सासू आमेर्सुदा, देव तिला क्षमा करो, मला तर होत नाही, ती म्हणाली, तुझं दूध आंबट आहे. आठव्या महिन्यात तिने त्याला माझ्या अंगावरून तोडला आणि शेळीच्या दुधावर घातला. मी छातीला फडकी बांधून तेलाच्या कोठीत बसून रडायची. मग बाहेर येऊन त्याला तेल चोळायची. माझं दूध वाईट, पण हे झाड तर चांगलं आहे, असं वाटायचं. तो लाल व्हायचा, मी आणखी चोळायची. तो ओरडायचा, मी म्हणायची, सोस बाळा, मुरतंय.

ते हात माझेच होते ना.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना दोन गोष्टी विचार. माझं दूध आंबट होतं का? आणि माझ्या तेलाने माझं पोर तसं झालं का? खरं काय ते लिही. एकदा गोड लिहून बघितलंस, त्याचं काय झालं ते दोघींनीही पाहिलं.

मिरसिनी

*

थेसालोनिकी
१९ मार्च

प्रिय आई,

पत्र मिळालं त्याच दुपारी बेबाला कडेवर घेऊन डॉ. सिमेलांकडे गेले आणि तुमचं पत्र त्यांच्या हातातच दिलं. माफ करा. माझ्याच्याने वाचून दाखवलं गेलं नसतं.

त्यांनी चष्मा पुसला, मग सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पहिलं, दूध आंबट नव्हतं. आईचं दूध आंबट नसतं, त्याने हे होत नाही, आणि आमेर्सुदाबाई जिवंत असत्या तर मीच त्यांना चार शब्द सुनावले असते, असं डॉक्टर म्हणाल्या. दुसरं, तेलाने रोग दिला नाही. इग्नाटिस तशी कातडी घेऊनच जन्मला, बेबाने ती त्याच्याकडून घेतली. तेलाने तो कधी कधी जास्त लाल झाला असेल, हो. पण तेव्हा बेटावर दुसरं सांगणारं होतं तरी कोण? "माझी आजी आम्हाला लोणी चोळायची," त्या म्हणाल्या, "आणि मी तिसऱ्या वर्षापर्यंत बोकडासारखी घमघमायचे. तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांनी निदान चांगल्या मालाने चोळलं."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की बेबाही हसायला लागली. दोन दात आहेत आता.

आई, तुम्ही हातांना मोजे बांधत होतात. आजही डॉक्टर तेच सांगतात. ते तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

सोबत पांढऱ्या मलमाची एक डबी. बारशाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी आता काही लपवणार नाही, आणि हट्टही करणार नाही. इग्नाटिस ईस्टरआधीच्या मोठ्या आठवड्यात घरी पोचेल. तुमच्या पत्राची वाट बघतोय, दोघी.

एवांथिया

*

पालेओखोरी
२१ एप्रिल

एवांथिया पोरी,

तुमची बोट दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभी होते, मग घरी येऊन बसले. घर रिकामं झालं की पत्र लिहावं, हे मला आता कळायला लागलंय.

पापा-लेफ्टेरिसला मी कसं वळवलं ते तू विचारत होतीस आणि मी विषय बदलत होते. ऐक. तीनदा गेले. पहिल्यांदा तो म्हणाला, रीत म्हणजे रीत. दुसऱ्यांदा मी तुझा कागद नेला, त्याने चष्मा नाही सांगितलं. तिसऱ्यांदा मी सुलतानाच्या नातवालाच नेलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, पापा, देवाला एका लेकराच्या अंगावर किती तेल लागतं ते कुठे लिहिलंय का, ते दाखव. तो दाढीशी खेळला. मग म्हणाला, "लिहिलेलं नाही. पण हे मी सांगितलं असं गावात सांगू नकोस." गावात त्याच दिवशी कळलं, पण ते सुलतानाने केलं.

म्हणून तू पाहिलंस ते झालं. एवढी मोठी बाटली, पांढरी फीत, आणि रिनिओने बोट बुडवून कपाळावर, छातीवर, पाठीवर, हातापायांवर नुसते चिमुकले क्रूस काढले. गालांना नाही, कोपरांना नाही, गुडघ्यांमागे नाही. मागून घाणेवाल्याची बायको कुजबुजली, मिरसिनी नातीच्या बारशालाही हात आखडते. ते मला ऐकू आलं नाही. रिनिओने नंतर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आखडते, माझी नात आहे.

आणि तीन दिवस आंघोळ नाही ही रीत त्याने एका रात्रीवर आणली, हे मी त्याला जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला म्हणालीस, "आई, आज तुम्ही घाला." मी कोपर बुडवून पाणी बघितलं. मला ते गार वाटलं, तू म्हणालीस असंच हवं. ती पाण्यावर हात आपटत होती. मग टिपलं, आणि तुझं ते पांढरं मलम लावलं. चोळलं नाही, नुसतं सारवलं. ती ओरडली नाही. माझ्या हातांखाली एक बाळ आणि ते ओरडत नाही, हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी कळलं.

ते पाणी नाल्यात टाकायचं नसतं, त्यात बारशाचं तेल उतरलेलं असतं. ते मी देवळामागच्या झाडाच्या मुळाशी ओतलं. त्याचं तेल त्याला परत.

आता जे तू पाहिलं नाहीस ते. दुपारी तू आणि पोरगी झोपल्या होतात. इग्नाटिस अंगणात कॉफी पीत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कोठी, शेळीचं दूध, चोळणं, सगळं. म्हटलं, मला माफ कर रे. आता हा अडतीस वर्षांचा घोडा काय बोलेल याची वाट बघत होते. त्याने बाही वर केली, हात लांब केला आणि म्हणाला, "आई, अजून खाजतं गं इथे. लाव की."

मी आत जाऊन डबी आणली. कोपराच्या खळीत लावलं, आधी एका, मग दुसऱ्या. त्याने डोळे मिटले, अगदी तिच्यासारखे. लावून झाल्यावर त्याने हात मागे घेतला नाही, म्हणून मी पुन्हा लावलं.

डबी संपली. दोन आण, एक मला पाठव आणि एक त्याच्या जहाजाच्या पेटीत टाक.

धाकट्या मिरसिनीला थोरल्या मिरसिनीचा मुका. गालावर घे, आता दुखत नाही.

तुझी आई